गोषवाऱ्यांतील क्रियापदें

ऐतिहासिक पत्रांच्या संग्रहांत मूळ पाठ थोडे लोक वाचतात. पत्राच्या माथ्यावरील गोषवारा मात्र सर्व वाचतात. म्हणून गोषवाऱ्याची भाषा हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे, प्रामाण्याचा आहे. अनेक संग्रहांचे गोषवारे चाळतां त्यांतील क्रियापदें निर्जीव झालेलीं दिसतात. “किल्ला हस्तगत करण्यांत आला”, “वसुलीबाबत निर्णय घेण्यांत आला”, “फौजेचें प्रस्थान झालें”, अशा वाक्यांनीं पानेंच्या पानें भरलेलीं असतात.

या वाक्यांत उणें काय? यास्काचार्यांनीं निरुक्तांत नामाच्या ठायीं सत्त्व प्रधान आणि आख्याताच्या ठायीं भाव, म्हणजे क्रिया, प्रधान असा भेद सांगितला आहे. वरील वाक्यांत क्रिया नामांत कोंडली गेली, आणि आख्याताच्या जागीं “आला”, “झालें” एवढें पोकळ पद उरलें. क्रियेबरोबर कर्ताही गेला; आणि इतिहासाला तर कर्त्याशींच काम! “१६७० सालीं कोंडाणा हस्तगत करण्यांत आला” यांतून कांहींच कळत नाहीं. “तानाजी मालुसरे व त्याचे मावळे रात्रीं कोंडाणा चढले, तानाजी पडला, पण मावळ्यांनीं किल्ला घेतला” असें लिहिलें म्हणजे कोणीं, कसा व काय देऊन, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तीन साध्या क्रियापदांनीं दिलीं.

हा दोष सर्वस्वीं इंग्रजी तर्जुम्याच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. आम्हां संस्कृत शिकलेल्यांना “गेला” याऐवजीं “गमन केलें” लिहिण्यांत भारदस्तपणा वाटतो. शास्त्रग्रंथांच्या नामप्रधान गद्याची ती संवय आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील असलीं “गमनें” मीं वर्षानुवर्षें कौतुकानें पाहिलीं, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि “करणें” दिसलें कीं खोडावें, हाही नियम नव्हे. कूच करणें, रवाना करणें, जप्त करणें हे दप्तरी भाषेंतले ठरीव प्रयोग आहेत. “जप्त केलें” याचें “हिसकावलें” केल्यास वाक्य जोरकस होईल, पण सरकारी अंमलाची दरोडेखोरी होईल. उलट लढाईंत मेलेल्या माणसाविषयीं कागद “कामास आला” म्हणतो, तेथें “मृत्यु झाला” लिहिणें म्हणजे धन्याच्या चाकरीचा सारा अर्थ पुसून टाकणें होय. येथें सबळ क्रियापद कागदांतच आहे. तें शोधावयाचें नाहीं, राखावयाचें आहे.

जोराच्या हव्यासाचें प्रायश्चित्त मीं स्वतः घेतलें आहे. एका खासगी दप्तरांतील पत्राचा गोषवारा करतांना “उठोन गेले” याच्या जागीं मीं “पळाले” असें लिहिलें. पुढें त्या सरदाराच्या घराण्यांतील एक वृद्ध गृहस्थ छापील प्रत घेऊन आले. “मास्तर, आमचे पूर्वज पळाले असें कागदांत कोठें आहे?” एवढेंच त्यांनीं विचारलें. कागद पुन्हां काढला. तसें कोठेंच नव्हतें. छावणी उठवून ते पुढच्या मुक्कामीं गेले होते. एका क्रियापदानें मीं एका घराण्यास भेकड ठरविलें होतें. शुद्धिपत्र छापलें, पण शुद्धिपत्र किती जण वाचतात?

तेव्हां संपादकानें आपल्या प्रत्येक वाक्यास दोन प्रश्न विचारावे. कर्ता कागदांत आहे काय? असल्यास त्याला वाक्याच्या अग्रभागीं बसवावें. त्यानें नेमकें काय केलें? तेंच क्रियापद घालावें, त्याहून मवाळ नको आणि तिखटही नको. कर्ता कागदांत नसेल तेथें “करण्यांत आलें” या प्रयोगाआड न लपतां “कोणीं केलें तें पत्रांत नाहीं” असें स्पष्ट लिहावें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मराठी धातूंचा कोश रचण्यासाठीं जे श्रम घेतले ते ध्यानांत आणले, म्हणजे आपल्या भाषेंत धातूंची वाण नाहीं हें पटेल. वाण आहे ती तो धातु वेंचण्यापूर्वीं कागद पुन्हां एकदां वाचण्याच्या धीराची.