जतन कशाचे? अक्षरांचे की घडणीचे?

लोणंद ही कांद्याची पेठ. कांदाचाळीतल्या सडक्या कांद्याचा रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दंडाकृती जिवाणूंची गर्दी दिसते. त्यांतला सडवणारा कोणता आणि मातीतून आलेला निरुपद्रवी कोणता, हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. म्हणून प्रयोगशाळेत त्यांच्या रायबोसोममधील 16 एस आरएनएचा अक्षरक्रम तपासतात. याच रेणूच्या तुलनेवरून कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये आर्किआ हा जिवाणूंहून वेगळा गट असल्याचे दाखवले.

या रेणूचा परिचय करून देताना बहुधा एवढेच सांगितले जाते, की त्याचे काही भाग सर्व जिवाणूंत न बदलता टिकले आहेत आणि काही बदलत गेले आहेत. हे विधान चूक नाही. पण अपुरे आहे, आणि त्यामुळे मुख्य गोष्टच निसटते.

ई. कोलाय जिवाणूच्या या रेणूत 1542 अक्षरे आहेत. त्यांतले काही तुकडे जवळजवळ सर्वच जिवाणूंत सारखे असतात, हे खरे. पण रेणू स्वतःवरच दुमडतो. ए समोर यू आणि जी समोर सी येऊन दांडे बनतात. पुढील दोन तुकडे फळ्यावर लिहून पाहा :

जीसीएजी–यूयूसीजी–सीयूजीसी
जीसीजीजी–यूयूसीजी–सीसीजीसी

दोन अक्षरे बदलली, तरी दांडा तोच राहिला. ए–यू च्या जागी जी–सी आली, इतकेच. कडी बदलली तर कोयंडाही बदलावा लागतो, तसे हे आहे. एकच अक्षर बदलले असते तर जोडी ढिली पडली असती. म्हणजे येथे अक्षरे बदलली, जतन झाली ती घडण.

अशा जोडीने होणाऱ्या बदलांवरूनच हॅरी नोलर, वूज आदींनी 1980 च्या सुमारास या रेणूचा आराखडा मांडला. रेणू प्रत्यक्ष कोणी पाहिला नव्हता. 2000 मध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने स्फटिकावरून रायबोसोमच्या लहान भागाची रचना उलगडली, तेव्हा आराखड्यातील बहुतेक जोड्या खऱ्या ठरल्या.

वर्गात 'न बदललेला' एवढाच अर्थ सांगितला, तर विद्यार्थी बदलाकडे दोष म्हणून पाहतो. खरे तर येथे बदल हाच पुरावा आहे. व्याख्येआधी हे दोन तुकडे फळ्यावर यावेत.