सोळा घरे आणि सोळा मात्रा

खिशात मावणाऱ्या वाद्यपेटीवर प्रवासात संगीत रचण्याची जी प्रथा आज तरुण वर्गात दिसते, तिच्याविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. एक पक्ष यंत्राने संगीत बुडविले म्हणून हळहळतो. दुसरा म्हणतो, पेटीतील सोळा घरे म्हणजे आपल्याच त्रितालाच्या सोळा मात्रा. तेव्हा हे यंत्र मुळातच आपल्या प्रकृतीचे आहे. पहिल्या पक्षाशी वाद घालण्याचे प्रयोजन दिसत नाही. दुसरे मत मात्र तपासावयास हवे, कारण ते आकर्षक आहे आणि आमच्या मते चुकीचे आहे.

'ग्रूव्हबॉक्स' हे नाव रोलँड कंपनीच्या १९९६ मधील एमसी-३०३ या यंत्रापासून रूढ झाले. त्याचा पूर्वज टीबी-३०३ हा १९८१ चा. तो सी मापाच्या चार सेलवरही चालत असे, आणि बास-गिटारवादक सोबत नसलेल्या वादकाची सोय व्हावी एवढाच त्याचा मूळ हेतू होता. २०१५ मध्ये निघालेली पीओ-१२ ही पेटी तर ट्रिपल-ए मापाच्या दोन सेलवर चालते. रचनेचे तत्त्व सर्वत्र एकच : कालाची सारख्या रुंदीची घरे, भरलेल्या घरात नाद उमटतो, रिकाम्यात उमटत नाही, शेवटचे घर संपले की पुन्हा पहिले.

आता त्रिताल घ्या. त्याच्या ठेक्यात पहिल्या मात्रेपासून नवव्यापर्यंत 'धा' आणि 'धिं' आहेत. दहावी ते तेरावी 'तिं तिं ता ता'. चौदाव्या मात्रेला 'धिं' परत येतो. ध्वनिशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे घोष वर्णांच्या जागी अघोष वर्ण येतात, आणि वाद्यावर डग्ग्याची आस नाहीशी होते. तालाची ओळख मात्रांच्या संख्येत नसून या भरी-खालीच्या विरोधात आहे. तिलवाडाही सोळाच मात्रांचा. म्हणून तो त्रिताल होत नाही. आता कोणी म्हणेल, पेटीतही खर्जाच्या ढोलाची ती चार घरे रिकामी ठेवता येतील. येतील, परंतु तो विरोध रचणाऱ्याने आणलेला असेल, घरांनी दिलेला नव्हे. सोळा हा आकडा जुळला म्हणून नाते जुळत नाही.

आमच्या मते या पेटीची खरी तुलना तालाशी नसून लिपीशी आहे. लिपी अखंड उच्चारप्रवाहाचे सुटे तुकडे करते. आपण 'कमळ' असे तीन अक्षरांत लिहितो, आणि अंत्य 'अ' न उच्चारता वाचतो. उरलेले वाचणारा आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो. पं. भातखंडे किंवा पं. पलुसकर यांच्या स्वरलिपीविषयीही हेच खरे : कागदावर सांगाडा, गळ्यात गाणे. ग्रूव्हबॉक्स ही मात्र स्वतःच स्वतःला वाचणारी लिपी आहे. लेखन आणि वाचन यांच्यामधला माणूस तिने वगळला आहे. जे लिहिले नाही ते कधीच उच्चारले जाणार नाही.

या दृष्टीने चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही १९८२ ची ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकण्यासारखी आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील या वादकाने टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या तीन यंत्रांवर दहा राग वाजविले. २०१० मध्ये ती पुनःप्रकाशित झाल्यावर, शिकागोच्या 'ॲसिड' संगीताच्या पाच वर्षे आधीच ते मुंबईत जन्मले होते काय, याचीच चर्चा अधिक झाली. अग्रमानाचा हा वाद आम्हांला निष्फळ वाटतो. ऐकावयाचे ते निराळेच. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. पण दोन सुरांतील अंतर कितीही असो, घसरण्यास लागणारा काळ जवळजवळ तोच. मिंडेचे सर्वस्व तर त्या काळाच्या कमी-अधिकतेत. सिंग यांनी हे ओळखले असावे. त्यांनी ठेका आणि खर्ज यंत्रावर सोडले, आणि रागाचे आलापन ज्युपिटर-८ वर स्वतःच्या हातांनी केले. त्या मुद्रिकेचे यश यंत्राच्या भारतीयत्वात नाही. काय लिहावयाचे नाही, या निवडीत आहे.

हा प्रश्न केवळ रागसंगीताचा असता तर आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु ठाणे-भिवंडी रस्त्यावर काल्हेर-पूर्णा परिसरात वाहतूक तुंबली, की शेजारच्या आसनावरील एखादा विद्यार्थी कानाला यंत्र लावून याच सोळा घरांत हळदीच्या रात्रीचे गाणे बसविताना दिसतो. पूर्णा आज गोदामांसाठी ओळखले जात असले तरी हा सारा पट्टा आगरी बोलीचा, आणि आगरी-कोळी गीतांची परिचित चाल तीन-तीनच्या गटांची आहे. सोळाला तिनाने भाग जात नाही. टीआर-८०८ च्या रचनाकारांनी तिहेरी विभागणीची सोय ठेवली होती. पीओ-१२ मध्ये घरे सोळाच. परिणामी चाल चौपदरी होते, आणि तिच्याबरोबर शब्दही. दीर्घ स्वर आखूड होतात, ऱ्हस्व ताणले जातात, बोलीचा जो हेल तिला शेजारच्या बोलींपासून वेगळी करतो तोच आधी जातो. व्याकरण शाबूत राहते, म्हणून ही हानी कोणाच्या लक्षात येत नाही. (यंत्रमागांचा खडखडाट पेटीत उतरविण्याचा एक प्रयत्नही आम्ही ऐकला. भिवंडीच्या शेडमधील माग एकमेकांशी कधीच इतके जुळून चालत नाहीत.)

धवळ्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. महदंबेच्या धवळ्यांपासून, म्हणजे तेराव्या शतकापासून, मराठीत लग्नगीतांची लिखित परंपरा आहे, आणि आगरी लग्नात धवलारीण ती मौखिक रूपाने चालवीत आली. ओवीच्या कुळातील या रचनेत अक्षरसंख्या बांधलेली नसते. नाव लांब असेल तर ओळ लांबते, आणि पुढचा चरण तिच्यासाठी थांबतो. असे थांबणे लिहावयास पेटीत घर नाही. तेव्हा पूर्णा परिसरातील जे विद्यार्थी धवळे पेटीवर घेऊ पाहतात, त्यांनी आधी धवलारणीचे गाणे ठेक्यावाचून ध्वनिमुद्रित करावे, प्रत्येक चरणाचा काळ मोजावा, आणि पेटी त्यानंतर उघडावी.