गव्हाचे रुपये आणि गुणांचे पेपर

१९४७ च्या उन्हाळ्यात युरोप अर्धपोटी होता. अशा वेळी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला एका महालात सहा आठवडे मुक्काम ठोकायचा आणि अमेरिकेचे साहित्य, समाज, अर्थकारण यांवर बोलत बसायचे, ही कल्पना कुणालाही चैनीची वाटली असती. हार्वर्ड विद्यापीठाने तिला अधिकृत पाठबळ दिलेच नाही. ती तडीस नेली तिथल्याच तिघांनी: व्हिएन्नाहून परागंदा झालेला संशोधक विद्यार्थी क्लेमेन्स हेलर, पदवीच्या वर्गातला रिचर्ड कॅम्पबेल आणि इंग्रजीचा तरुण अध्यापक स्कॉट एलेज. पैसे विद्यार्थी मंडळाने उभे केले. महालाचे नाव लिओपोल्ड्सक्रॉन. नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांचा हा महाल नाझींनी बळकावला होता. युद्धानंतर त्यांच्या पत्नी हेलेने थिमिग यांनी तो या उपक्रमाला वापरू दिला.

हा महाल १७३६ साली आर्चबिशप फिर्मियान यांनी बांधवला. त्याआधी पाचच वर्षे याच धर्माधिकाऱ्याने साल्झबुर्गच्या प्रोटेस्टंटांना देशोधडीला लावण्याचा हुकूम काढला होता आणि त्या निर्वासितांपैकी काही थेट अमेरिकेत, जॉर्जियात जाऊन वसले. अमेरिकेवरच्या चर्चेला याहून समर्पक वास्तू शोधून सापडली नसती. 

पहिल्या वर्षीच्या वक्त्यांत मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड, अर्थतज्ज्ञ वासिली लिऑन्टीफ, समीक्षक आल्फ्रेड केझिन असे लोक होते. उद्घाटनाचे भाषण एफ. ओ. मॅथिसन यांचे. अमेरिकेची जाहिरात करायला माणूस शोधायचा असता तर मॅथिसन हे नाव यादीत सर्वांत शेवटी आले असते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन साहित्यावरचा त्यांचा १९४१ चा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. पण राजकारणाने ते समाजवादी, स्वतःच्या देशावर उघड टीका करणारे. समोर श्रोते बसले होते तेही काही वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत लढलेले तरुण. या मंडळींनी व्हिटमन आणि मेलव्हिल वाचले, आणि वर्णभेदाबद्दल पाहुण्यांना छेडलेही. अमेरिकन लष्कराच्या गुप्तचर खात्याला याचा वास आवडला नाही. पुढच्या वर्षी खुद्द हेलरलाच तिथे येऊ दिले नाही.

ज्या देशाबद्दल बोलायचे त्याच देशाचा माणूस व्यासपीठावरून आपल्या घरातली भांडणे मांडतो आणि ऐकणाऱ्याजवळ स्वतःच्या जखमेतून आलेला प्रश्न असतो, तेव्हाच असा सेमिनार जिवंत होतो. १९५४ साली याच महालात कृष्णवर्णीय कादंबरीकार राल्फ एलिसन शिकवायला आले आणि युरोपीय अमेरिकाअभ्यासकांची संघटनाही तिथेच स्थापन झाली. नंतरचा इतिहास शीतयुद्धाचा. अमेरिकन सरकारचे माहितीखाते, फुलब्राइट शिष्यवृत्त्या, प्रतिष्ठानांचे अनुदान यांतून अमेरिकाअभ्यास जगभर पसरला. काही सांस्कृतिक संस्थांना सीआयएचा पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले आणि सगळ्याच चर्चासत्रांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. संशय अनाठायी नव्हता, तरी त्यावरून सगळे निकालात काढणे मला आळशीपणाचे वाटते. पैसा कुणाचा, हे विचारावेच. पण सत्रात कोणता प्रश्न विचारला गेला, हेही विचारावे.

आपल्याकडे हा पैसा आला तो गव्हातून. पीएल ४८० या कायद्याखाली आलेल्या अमेरिकन गव्हाची किंमत भारताने रुपयांत मोजली. हे रुपये अमेरिकेला बाहेर नेता येईनात, ते इथेच साठले. रेशनच्या दुकानातल्या लाल गव्हाला नावे ठेवणाऱ्या पिढीला त्याच रुपयांतून पुस्तकेही विकत घेतली जात आहेत, याची कल्पना क्वचितच असेल. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कार्यालयाने त्या निधीतून भारतीय भाषांतली पुस्तके अमेरिकन विद्यापीठांना धाडली. शिकागोच्या ग्रंथालयातल्या मराठी कपाटांमागेही हाच गहू आहे. उलट दिशेने, १९६४ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले. त्यालाही या रुपयांचा आधार मिळाला. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला अल्प मुदतीची शिष्यवृत्ती मिळायची, राहायला खोली, हाताशी अमेरिकेबाहेरच्या मोठ्या अमेरिकन ग्रंथसंग्रहांपैकी एक. आपल्याकडचे कित्येक पीएच.डी.चे प्रबंध तिथल्या टेबलांवर लिहिले गेले. ग्रंथालय म्हणून केंद्राला पुरे गुण द्यायला हवेत.

तिथून स्फूर्ती घेऊन देशभर झालेल्या चर्चासत्रांना मात्र तेवढे गुण देता येत नाहीत. ‘थोरो आणि गांधी’, ‘एमर्सन आणि उपनिषदे’, ‘व्हिटमन आणि वेदान्त’. हे विषय खोटे नाहीत. पण त्यांत पाहुण्याने आपली पाठ थोपटायची आणि आपण पाहुण्याची, एवढाच व्यवहार उरतो. कुणालाच काही बोचत नाही.

बोचणारा प्रश्न महाराष्ट्रात कधीचाच विचारून झाला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती नीग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. अमेरिकेतल्या सेमिनारमध्ये मराठी माणसाने वाचलेला याहून दूरगामी पेपर मला माहीत नाही. १९४६ मध्ये त्यांनीच कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले; संयुक्त राष्ट्रांपुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे नेले जात होते, त्याचा तपशील त्यांना हवा होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवरचे मराठी पुस्तक आले. अमेरिकाअभ्यासाची ही मराठी परंपरा बहुतांशी चर्चासत्रांच्या सभागृहाबाहेरच वाढली.

तिच्यात वादाचे मुद्देही ठासून भरलेले आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी आपल्या देशाच्या दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या व्यवस्थेला ‘जात’ म्हणायला सुरुवात केली; १९४८ साली ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय विद्वानाने त्याला जोरदार हरकत घेतली: वर्णद्वेष भांडवलशाहीच्या पोटी जन्मला, जात नाही. २०२० मध्ये अमेरिकन पत्रकार इझाबेल विल्करसन यांनी पुन्हा ‘कास्ट’ याच नावाने पुस्तक लिहिले. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या तशाच विधेयकावर गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. एवढे खाद्य समोर असताना पुणे-नागपूर-संभाजीनगरच्या सभागृहांत अजून रॉबर्ट फ्रॉस्टच्या निसर्गप्रेमावर पेपर वाचले जातात.

याचे कारण सीआयएकडे नाही, आपल्याच फायलीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी गुणांकन आणले आणि आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचलेल्या पेपरला १० गुण ठेवले. मग आंतरराष्ट्रीय परिषदांचे पीक आले. परदेशी वक्ता एखादा, तोही बहुधा पडद्यावर. बीजभाषण लांबते, जेवणाला उशीर होतो, आणि दुपारच्या तांत्रिक सत्रात पंधरा मिनिटांचा पेपर पाच मिनिटांत गुंडाळायला सांगितले जाते. प्रश्नोत्तरांना वेळ नसतो, प्रमाणपत्राला असतो. निबंधांचा आयएसबीएनवाला ग्रंथ आधीच छापून तयार, म्हणजे चर्चेतून निबंध सुधारण्याची शक्यताही संपली. नियम २०१८ मध्ये बदलले. सवय बदलली नाही.

अमेरिकेतूनही आता फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. माहितीखाते १९९९ मध्येच बंद झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये मानव्यविद्यांची शेकडो अनुदाने सरकारने रद्द केली आणि जूनमध्ये फुलब्राइट मंडळाच्या जवळपास सर्व सदस्यांनी निवडीतल्या राजकीय हस्तक्षेपाचा निषेध करत राजीनामे दिले. स्वतःवर टीका करणाऱ्यांना परदेशी पाठवण्याची जी ऐट त्या देशाला एकेकाळी परवडत होती, ती आता परवडेनाशी झालेली दिसते.

म्हणून विभागप्रमुखांना एवढेच सुचवावेसे वाटते: पुढच्या वेळी दोनशे पेपर मागवू नका. कॉक्स आणि आंबेडकर यांचे दोन मजकूर महिनाभर आधी वाटा, वीस माणसे बोलवा, त्यांत पाच विद्यार्थी ठेवा, आणि तीन दिवस भांडू द्या. आंतरराष्ट्रीय पाहुणा मिळाला नाही तरी चालेल.