लेवीय ग्रंथातील आहारनियम आणि पावित्र्याची कल्पना

लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातील आहारनियमांची उपपत्ती लावण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. बाराव्या शतकात मायमोनिडीझने त्यांच्या मुळाशी आरोग्याचा विचार पाहिला. परंतु रवंथ करणारा उंट केवळ खुरांच्या ठेवणीमुळे वर्ज्य का ठरावा, याचे उत्तर वैद्यकात मिळत नाही. मूळ ग्रंथही रोगाचे नाव न घेता ईश्वराच्या पावित्र्याकडेच बोट दाखवितो.

१९६६ साली मेरी डग्लस यांनी 'प्युरिटी अँड डेंजर' या ग्रंथात निराळा मार्ग चोखाळला. जो प्राणी आपल्या वर्गाच्या लक्षणांत बसत नाही तो अशुद्ध, हे त्यांचे सूत्र. ते आकर्षक आहे खरे. पण खवले व पर हे जलचरांचे लक्षण मानावयाचे, ते मुळात या नियमांवरूनच! म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच येथे गृहीत धरले आहे. पुढे डग्लस यांनी स्वतःच हे मत सोडून दिले आणि १९९९ च्या ग्रंथात वेदी व भोजनाचे ताट यांतील साम्यावर भर दिला. आमच्या मते हाच विचार अधिक फलदायी होय.

मराठी वाचकाला येथे सोवळ्या-ओवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु भेद महत्त्वाचा आहे. अन्न कोणी शिजविले वा शिवले, हा या अध्यायाचा प्रश्न नव्हे. याजक आणि सामान्य इस्राएली या दोघांनाही वर्ज्यावर्ज्याची यादी एकच आहे. मंदिरातील पावित्र्य अशा रीतीने प्रत्येक घरच्या चुलीपर्यंत येते. कोकणातील बेने इस्राएलांविषयीची परंपरा या दृष्टीने बोलकी आहे. डेव्हिड रहाबी यांनी त्यांना ओळखले, ते त्यांच्या स्त्रियांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला ठेवले यावरून, असे सांगतात. शास्त्रग्रंथ हाती नसतानाही स्वयंपाकघराने स्मृती जपली, हा त्या कथेचा आशय.

तथापि केवळ आहारावर थांबणारे विवेचन अपुरेच राहते. त्याच ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय पावित्र्याच्याच आज्ञेने आरंभ करून शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी ठेवण्यास, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून न ठेवण्यास आणि वजनमापे खरी राखण्यास सांगतो. ताटातील निवड आणि तराजूतील सचोटी ही येथे एकाच साधनेची अंगे आहेत. दुसरे सोडून पहिलेच अभ्यासणाऱ्यास आचार सापडेल. पावित्र्य मात्र सापडणार नाही.