धरणावरची भेग आणि एक अर्ज

1987 साली मिकाल जाकुबाल नावाचा माणूस अमेरिकेत एल्व्हा नदीवरच्या ग्लाइन्स कॅनियन धरणाच्या भिंतीवरून दोराला लटकत उतरला आणि त्यानं तिच्यावर एक लांबलचक भेग रंगवली. 'डॅमनेशन' (2014, दिग्दर्शक बेन नाइट आणि ट्रॅव्हिस रमेल) हा माहितीपट ही गोष्ट इतक्या मजेत सांगतो की आपणही ब्रश घेऊन निघावं असं वाटतं. धरणं पाडून नद्या मोकळ्या करण्याबद्दलचा हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा हरखून, दुसऱ्यांदा जरा चिडून.

चिडण्याचं कारण 1986चं आहे. त्या भेगेच्या एक वर्ष आधी, एल्व्हाच्या मुखाशी राहणाऱ्या लोअर एल्व्हा क्लालम या मूलनिवासी जमातीनं धरणांच्या परवान्याच्या प्रकरणात आम्हालाही पक्षकार करा, असा अर्ज दिला होता. माशांना वर जायला वाट न ठेवता बांधलेल्या दोन धरणांमुळे सामन समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर अडत होते. अर्ज, सुनावण्या, वाटाघाटी होत होत 1992 साली कायदा झाला. प्रत्यक्ष पाडकाम 2011 साली सुरू झालं. मधली एकोणीस वर्षं कॅमेऱ्याला काय देणार? फायली आणि बैठका. मोर्चे-सभांचे माहितीपट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना मात्र नेमकं तेच बघायचं असतं.

चित्रपटाची तबियत स्फोटाची आहे. व्हाइट सामन नदीवरचं काँडिट धरण फुटतं तो प्रसंग फोनवर बघणार असाल तर हेडफोन लावा; तपकिरी पाण्याचा तो लोंढा खरंच अंगावर येतो. पण एल्व्हावर असा एका दणक्यात खेळ आटोपता आला नसता. दोन्ही धरणांमागे मिळून सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ साठला होता. म्हणून आधी खालच्या शहरासाठी पाणी शुद्ध करायची सोय, पूररोधक बांध उंच करणं, आणि मग भिंत थोडी थोडी उतरवणं. माशांच्या हंगामात काम बंद. पुढे गाळानं पाण्याच्या यंत्रणेची चाळण तुंबली, तेव्हा जवळपास वर्षभर सगळं ठप्प. नदीला वाहतं करण्यात इतकं थांबणं असतं, ही मला तरी सगळ्यात नाट्यमय गोष्ट वाटते.

आणि मग मत्स्यबीज केंद्राचा वाद. केंद्रात वाढवलेले मासे रानटी माशांचा वंश कमकुवत करतात, असं चित्रपट ठासून सांगतो. या आक्षेपात शास्त्रीय तथ्य आहे. पण जमातीच्या बाजूनं बघा. चिनूक सामन 1999पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत. सुटलेल्या गाळात उरलेसुरले मासे गुदमरले तर काय, म्हणून हाताशी थोडं बियाणं ठेवायचं. शिवाय मासेमारीचा हक्क त्यांना 1855च्या करारानं दिलेला. मासेच नसतील तर तो हक्क कागदापुरता. नदी सुटावी असं दोन्ही बाजूंना वाटत होतं, तरी हे भांडण 2012 साली कोर्टात गेलं. सहकार्य म्हणतात ते असंच खरखरीत असतं. नाइटचं मिश्किल निवेदन इथे एक बाजू पकडतं आणि पुढे सरकतं. निर्मात्यांपैकी मॅट स्टोकर स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ, हे कळल्यावर नवल वाटत नाही.

केटी लीचा भाग मात्र कितीही वेळा बघावा. लेक पॉवेलच्या पाण्याखाली गेलेल्या ग्लेन कॅनियनबद्दल ही म्हातारी बोलते तेव्हा तिच्या आवाजात अजून राग आहे, आणि थोडी खट्याळ ऐटही. इथे दिग्दर्शक थांबतात, ऐकतात. एल्व्हाच्या काठावरच्या लोकांपाशी त्यांनी इतकाच वेळ काढायला हवा होता.

2012 साली एल्व्हा धरणामागचा तलाव ओसरल्यावर क्लालम लोकांना आपली उत्पत्तीची जागा पुन्हा सापडली, जी पिढ्यानपिढ्या फक्त सांगण्यातून माहीत होती. मासेमारी 2011पासून बंद होती. जमातीनंही आपली जाळी गुंडाळून ठेवली होती. ऑक्टोबर 2023मध्ये, बारा वर्षांनी, समारंभापुरते आणि घरच्या खाण्यापुरते कोहो सामन पकडायला ते पुन्हा नदीत उतरले. 2014चा चित्रपट तिथे कसा असणार! पण ती बारा वर्षं जाळी बाजूला ठेवायला तयार झालेली माणसं तेव्हाही काठावरच होती.