कॅमेरा बाजूला ठेवा

'बाल्डर्स गेट ३' २०२३ मध्ये आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, की यात १७० तासांहून जास्त सिनेमॅटिक दृश्यं आहेत. तो आकडा मला अजून खुपतो. गेम उत्तम आहे आणि त्याला मिळालेले पुरस्कार रास्तच होते. पण गोष्टीची थोरवी चित्रणाच्या तासांत मोजायची, हे माप रोल-प्लेइंग गेमच्या जगाने निमूटपणे मान्य करून टाकलं आहे. या पार्श्वभूमीवर 'प्लेनस्केप : टॉरमेंट' पुन्हा खेळायला घेतला, आणि ब्लॅक आइलचा हा १९९९चा गेम आजच्या बहुतेक गेमांहून धाडसी निघाला. त्यातली चित्रं आता धूसर दिसतात. लढाया तर तेव्हाही रटाळ होत्या, आणि कर्स्ट गाव सोडल्यावर गेमला दम लागतो, हेही खरं. तरीही जे तिथे घडतं ते इतरत्र क्वचितच घडतं.

एक बारीकशी जागा पाहा. समोरचं पात्र काही विचारतं आणि खाली उत्तरांची यादी उघडते. तिच्यात कधीकधी एकच वाक्य दोनदा येतं, एकाच्या आधी 'खरं' अशी खूण, दुसऱ्याच्या आधी 'खोटं'. शब्द अगदी तेच, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं तेही तेच. शब्द देताना तो पाळायचं मनात आहे की नाही, एवढंच आपण निवडायचं. नायकाची अलाइनमेंट, म्हणजे त्याचा नैतिक कल, त्याप्रमाणे सरकते. हे पडद्यावर कसं दाखवणार? नटाने नजर चोरली तर समोरच्याला कळेल, न चोरली तर खेळणाऱ्यालाच काही दिसणार नाही. लिहिलेल्या वाक्याला ते जमतं, कारण इथे खोटं बोलणं आपल्या स्वतःच्या मनात घडलेलं असतं.

डॅकॉनचं प्रकरण याहून खोल आहे. नायकाचा हा सोबती गिथझेराय जमातीचा. ही जमात कधीकाळी गुलाम होती, बंड करून सुटली, आणि त्या बंडाची कथा हाच तिचा धर्म झाला. डॅकॉन तो आपल्याला एका दगडी चक्रावरून शिकवतो. चक्राच्या कड्या फिरवायच्या, एक शिकवण वाचायची, तिचा अर्थ त्याला सांगायचा. पटला तर पुढची. नायक पुरेसा शहाणा असेल तर एका टप्प्यावर तो गुरूच्या पुढे जातो, आणि गुरूची डळमळलेली श्रद्धा शिष्यच सावरतो. नायक मेला तरी पुन्हा उठतो, पण मागचे अवतार विसरलेला असतो. मग हळूहळू उलगडतं, की हे चक्र डॅकॉनच्या हाती ठेवणारा आपलाच एक पूर्वावतार होता, हिशेबी आणि निर्दय. डॅकॉन खचला होता, आणि त्या अवताराला त्याची तलवार आपल्या कामाला हवी होती. उपकाराच्या ओझ्याखाली डॅकॉनने स्वामीच्या मरणापर्यंत चाकरीची शपथ घेतली. स्वामी तर मरतच नाही! गुलामीतून सुटलेल्या जमातीचा माणूस आपल्याच धर्माच्या आधाराने पुन्हा गुलाम झाला. यासाठी एकही भव्य दृश्य खर्ची पडलेलं नाही. चौकटीतला मजकूर आहे आणि तो नेटाने वाचणारा माणूस आहे.

गेमच्या यंत्रणेलाही हाच विचार लागू केलेला आहे. हा गेम ज्यांवर बेतला आहे त्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांत 'शहाणपण' हा गुण मुख्यतः पुरोहितांच्या कामाचा. इथे नायकाला पुरोहित होताच येत नाही, तरी सगळ्यांत मोलाचा गुण तोच, कारण त्याच्यामुळे विसरलेल्या आठवणी परत येतात. मरणाचंही तसंच. प्रत्येक गेममध्ये आपण मरतो आणि पुन्हा उठतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही. या गेमचा लेखक ख्रिस अव्हेलोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं. इथे नायक उठतो तेव्हा त्याच्या बदली दुसरं कुणीतरी मेलेलं असतं, आणि त्या मेलेल्यांच्या सावल्या त्याच्या मागावर असतात. सगळा प्रकारच ज्या सवलतीवर उभा आहे ती इथे पाप ठरते. एवढ्या मुळाशी जाणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

हा वारसा पुढे कुणी नेला? 'स्टारफिल्ड'मध्ये हजारावर ग्रह आहेत आणि लक्षात राहील असा माणूस नाही. 'फायनल फँटसी ७'च्या नव्या आवृत्त्या मूळ गोष्टीला फुगवतात. पुण्यात घडलेला 'राजी' डोळ्यांना फार देखणा, पण त्याची गोष्ट देवच सांगून टाकतात, खेळणाऱ्यासाठी काही उरत नाही. २०१७चा 'टॉरमेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा' तर नावानेच वारस होता. लोकवर्गणीतून ४० लाख डॉलरांहून जास्त रक्कम उभी राहिली, मजकूरही रग्गड, आणि तरी तो फसला. त्यातले परिच्छेद जगाची माहिती देत बसतात, खेळणाऱ्याला कोंडीत पकडत नाहीत.

खरे वारस दोन. एक अर्थातच 'डिस्को एलिझियम' (२०१९), ज्यात नायकाची कौशल्यंच त्याच्या डोक्यात आपसांत भांडतात आणि लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. दुसरा 'पेंटिमेंट' (२०२२), याच्याबद्दल मात्र पुरेसं बोललं गेलं नाही. सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातलं गाव, खून, आणि एक चित्रकार. पात्रांना आवाज नाहीत, पण प्रत्येकाच्या बोलण्याला अक्षरवळण आहे. शेतकऱ्याची अक्षरं ओबडधोबड, भिक्षूची कोरीव, छापखानेवाल्याची खिळ्यांनी जुळवलेली. शब्द चुकीचा उमटतो आणि डोळ्यांदेखत खोडून दुरुस्त होतो. शिक्षा कुणाला व्हावी ते आपल्या बोलण्यावर ठरतं, आणि खरा खुनी कोण ते गेम कधीच सांगत नाही. जॉश सॉयरच्या या गेममध्ये अक्षर हीच अभिनयाची जागा झाली आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: लोक वाचत नाहीत. हे साफ खोटं आहे. 'डिस्को एलिझियम'मध्ये दहा लाखांच्या घरात शब्द आहेत, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. २०२१च्या आवृत्तीत त्या सगळ्याला आवाज दिला गेला, तरी मजकूर जागचा हलला नाही. त्यामुळे माझं भांडण आवाजाशी नाही, कॅमेऱ्याशी आहे. संवाद एकदा नटाकडून करवून घेऊन चित्रित केला, की त्यातला प्रत्येक पर्याय महाग होतो. महाग झाला की कमी होतो. मग 'खरं' आणि 'खोटं' असं एकच वाक्य दोनदा लिहिण्याची चैन कोण करणार? शहाण्या नायकालाच दिसणारं वाक्य, जे बहुतेक खेळणारे कधी पाहणारच नाहीत, त्याच्यावर पैसा कोण घालणार? अशी वाक्यं पहिल्यांदा कापली जातात, आणि गोष्ट जिवंत राहते ती त्याच वाक्यांवर. लेखकाचे हात बांधून दृश्यांचे तास वाढवायचे आणि त्याला प्रगती म्हणायचं, हे मला मान्य नाही. सिनेमा ही थोर कला आहे, पण त्यासाठी सिनेमा आधीच आहे. गेमला तिची नक्कल करायची गरज नाही.

'प्लेनस्केप : टॉरमेंट'ची २०१७ची सुधारित आवृत्ती संगणकावर चालते, फोनवरही चालते. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या आणि गेमच्या वाटेला न जाणाऱ्या मराठी वाचकाने तरी ती एकदा उघडून पाहावी. नायक घडवताना तलवारबाजीच्या मागे लागू नका, सगळे गुण शहाणपणात टाका, आणि प्रत्येक चौकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.