नाव सूर्याचे, गुण चंद्राचा

आपल्या नातिया शायरीत 'नूर' हा शब्द इतका येतो, की तो ऐकूनही मनात काही उजळत नाही. चंद्र, सूर्य, तारे सगळे ओळीने हजर असतात. प्रतिमा मात्र जागी होत नाही. म्हणून तिच्या मुळाकडे जायला हवे.

सूरह अहजाबमध्ये (३३:४६) पैगंबरांना (स.) 'सिराजम मुनीर' म्हटले आहे. 'सिराज' म्हणजे दिवा. कुरआनात हा शब्द आणखी तीनदा येतो आणि तिन्ही वेळा सूर्यासाठी येतो. सूरह नबामध्ये (७८:१३) त्याला 'वह्हाज', म्हणजे धगधगता, हे विशेषण आहे. 'मुनीर' मात्र सूरह फुरकानमध्ये (२५:६१) चंद्राचे विशेषण आहे. म्हणजे पैगंबरांच्या वाट्याला नाव सूर्याचे आले आणि गुण चंद्राचा. उजेड आहे, चटका नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या कवींनी याच दोन शब्दांची उकल केली.

हजरत कअब बिन जुहैर (रजि.) जिवाच्या भीतीने माफी मागायला आले आणि कसीदा म्हणून चादर घेऊन गेले. त्यात पैगंबर ज्याच्यापासून उजेड घ्यावा असा नूर आहेत. एका पाठभेदात 'नूर'ऐवजी 'तलवार' आहे. जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला दोन्ही दिसले असणार!

तेराव्या शतकात इजिप्तच्या इमाम बूसिरींनी 'कसीदा बुर्दा' रचला. त्यात पैगंबर सूर्य आहेत: दुरून लहान भासणारा, जवळून डोळे दिपवणारा. थोडे पुढे पुन्हा सूर्य येतो. इतर नबी त्याचे तारे होतात. पण या दोन सूर्यांच्या मधोमध बूसिरी सांगतात की आपल्या ज्ञानाची धाव एवढीच, की ते बशर आहेत, माणूस आहेत, आणि सृष्टीत सर्वश्रेष्ठ आहेत. स्तुती सर्वांत उंच गेली असतानाच कवीने हा लगाम घातला आहे.

उपखंडात 'नूर की बशर' या वादाने याच प्रतिमेचा खटला केला. सर्वांआधी पैगंबरांचा नूर निर्माण झाला, या प्रसिद्ध रिवायतीच्या सनदीवर मुहद्दिसांनी आक्षेप घेतले आहेत. तो प्रश्न त्यांचा. कवितेत मात्र दोन्ही शब्द शेजारी नांदतात, आणि एक काढला की दुसरा फिका पडतो. आजच्या पुष्कळ नातांत 'बशर' उरलेलाच नाही.

मराठीत 'मुनीर'साठी सर्रास 'तेजस्वी' लिहितात. त्यात 'वह्हाज'ची धग शिरते. त्यापेक्षा 'उजेड देणारा' हे साधे शब्द मला मूळ अरबीच्या अधिक जवळचे वाटतात.